जुनेर कुठं गेलं?

 

आज आम्ही कापडावर बोलणार आहोत. कोणती साडी कशावर शोभते यावर नाही, तर घेतलेलं कापड टिकत का नाही यावर. बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली, की आमच्याकडे हा विषय हमखास निघतो. दिवाळीला घेतलेला पोराचा शर्ट पोळ्याच्या आधी काखेत फाटतो. लेगिंग गुडघ्यावर विरते. कुर्तीवर चार धुण्यांत बारीक गोळे येतात. नवीन ब्लाउजची शिवण हात वर केला की उसवते. एक काकू तर म्हणाल्या, "माय व, कपडा हाये का पापड?" सगळ्या हसल्या. पण हसून सोडून द्यायची ही गोष्ट नाही, कारण यात पैसा आपला जातो. म्हणून आमच्यातल्या शिलाई करणाऱ्या, कापूस पिकवणाऱ्या आणि आठवडी बाजारात कापडाचं दुकान लावणाऱ्या अशा सगळ्या जणी एकत्र बसलो. त्यातून जे कळलं ते आज सांगतो.

आधी एक शब्द आठवू या. जुनेर. गटातल्या लहान पोरींना या शब्दाचा अर्थ सांगावा लागला. जुनेर म्हणजे वापरून वापरून मऊ झालेलं जुनं सुती कापड. जुनेर ही टाकायची वस्तू नव्हती. लुगडं जुनं झालं की त्याचं दुसरं आयुष्य सुरू व्हायचं.

आज्जीच्या वेळचं लुगडं बघा. नवं असताना लग्नकार्याला. मग रोजच्या नेसणीत. बसून बसून मधला भाग विरला की तेवढा कापून टाकायचा आणि दोन्ही बाजूंचे धड तुकडे एकमेकांना जोडायचे. याला दांड भरणं म्हणत. दांड भरलेलं लुगडं आणखी वर्षभर वावरात चालायचं. त्यानंतर ते वाकळीत जायचं. मऊ भाग बाळंतिणीसाठी बाजूला ठेवायचा. त्याची बाळाची दुपटी, झबली, टोपडी व्हायची. पाळीच्या दिवसांसाठी घड्या व्हायच्या. भाकरी बांधायला फडकं, चक्का टांगायला फडकं, ताप आला तर कपाळावर घालायला पट्टी. सगळ्यात शेवटी पोतेरं. तेही झिजलं की उकिरड्यावर पडून माती व्हायचं. एक लुगडं आज्जीच्या अंगावरून नातवाच्या पाळण्यापर्यंत पोचायचं.

आता हे ऐकून जुने दिवस सोन्याचे होते असं कुणी समजू नये. आज्ज्यांकडे लुगडी दोनच असायची, एक अंगावर आणि एक वळणीवर. पावसाळ्यात अर्धओलं लुगडं नेसून निंदायला जावं लागे. दांड भरायची ती हौस म्हणून नाही, तर दुसरं घ्यायला पैसे नव्हते म्हणून. पुढं टेरिकॉट आणि नायलॉन आलं तेव्हा आपल्या आयांना ते आवडलं, आणि त्यात काही चूक नव्हती. धुतलं की लगेच वाळतं, इस्त्री लागत नाही, रंग जात नाही. पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईला हे किती मोठं सुख होतं ते आपल्याला माहीत आहे. त्या वेळचं टेरिकॉट टिकायचंही. बापाची पँट पोराला कापून शिवली तरी कापड धड असायचं. आज स्वस्त कपड्यांमुळे कॉलेजात जाणाऱ्या आपल्या लेकीकडे चार-पाच ड्रेस असतात. त्याचा आम्हाला आनंदच आहे.

म्हणजे सुती चांगलं आणि पॉलिस्टर वाईट, एवढी सोपी ही गोष्ट नाही. सुती कापडही आता पातळ येतं, पॉलिस्टरही पातळ येतं. कापड टिकाऊ करण्यात जे जे लागतं ते ते थोडं थोडं कमी केलेलं असतं. ते कुठं कुठं कमी होतं, हे समजून घेऊ.

पहिली गोष्ट धागा. आपण कापूस वेचतो, त्याची जिनिंगमध्ये सरकी आणि रुई वेगळी होते. रुईचे तंतू जेवढे लांब आणि एकसारखे, तेवढं सूत मजबूत. चांगल्या सुतासाठी आखूड तंतू विंचरून काढून टाकतात आणि धाग्याला पुरेसा पीळ देतात. विंचरण्यात माल घटतो, पीळ देण्यात वेळ जातो. स्वस्त सुतात दोन्ही वाचवतात. मग आखूड तंतूंची टोकं वर येतात, घासली जातात आणि त्यांचे गोळे होतात. पॉलिस्टर मिसळलेलं असेल तर ते गोळे झडतही नाहीत, कारण पॉलिस्टरचा तंतू चिवट असतो, तो गोळ्याला धरून ठेवतो.

दुसरी गोष्ट वीण. उभा धागा म्हणजे ताणा, आडवा म्हणजे बाणा. एका इंचात हे धागे जितके जवळ जवळ, तितकं कापड भरीव. धागे कमी केले की कापड जाळीदार होतं. मग ते दुकानात कसं विकायचं? तर त्याला भरपूर खळ लावतात. खळीनं कापड कडक, जड आणि चमकदार दिसतं. पहिल्या धुण्यात खळ निघून जाते आणि खरं कापड हातात येतं. "दुकानात चांगलं होतं, घरी आल्यावर बिघडलं" असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ते दुकानातच तसं होतं.

तिसरी गोष्ट शिलाई. इथं आमच्या मशीनवाल्या मैत्रिणींना खूप सांगायचं होतं. हलक्या कापडाला एका इंचात दहा ते बारा टाके पडले पाहिजेत. टाका लांब केला की काम लवकर होतं, पण शिवण तोंड उघडते. पूर्वी शिंपी शिवणीत आत इंचभर कापड सोडायचे. त्याला माया म्हणतात. किती चांगला शब्द आहे बघा. पोरगी वाढली, बाई अंगानं भरली, की माया सोडून झंपर मोठं करता यायचं. आज तयार कपड्यात माया नसते. ओव्हरलॉक मारून कापड शिवणीला लागूनच कापलेलं असतं. एकदा उसवलं की परत शिवायला आत काही उरत नाही.

चौथी गोष्ट ताणाचा धागा. जीन्स, लेगिंग, मुलांच्या पँटी ताणल्या जाव्यात म्हणून त्यात रबरासारखा ताणणारा धागा घालतात. अंगाला बरं वाटतं. पण हा धागा उन्हाला, गरम पाण्याला आणि मोगरीच्या माराला टिकत नाही. तो तुटला की गुडघे फुगतात, कंबर सैल होते आणि मग कापडच विरतं.

आता आपण जरा मागं जाऊ. आपला जिल्हा तर कापसाचा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाडाच्या कापसाला एकदम भाव आला. खामगावची कापूस बाजारपेठ एवढी मोठी झाली की १८७० मध्ये फक्त तिच्यासाठी जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा टाकला. तो फाटा आजही आहे. आपला कापूस त्या गाडीनं मुंबईला, तिथून बोटीनं विलायतेला जायचा आणि कापड होऊन परत यायचा. गावोगावचे कोष्टी, साळी, मोमीन विणकर त्या कापडापुढं टिकले नाहीत. मेहकरला विणकरांची मोठी वस्ती होती, तिथल्या धोतरांचं नाव जुन्या गॅझेटियरात सापडतं. आज मेहकरचं धोतर म्हटलं तर कुणाला काही आठवत नाही.

पुढं आपल्याकडंही गिरण्या आल्या. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. अकोल्याला, बडनेऱ्याला, हिंगणघाटला, पुलगावला गिरण्या झाल्या. गिरणीचं कापड म्हणजे भरवशाचं कापड अशी आपल्या आयांची समजूत होती, कारण थानाच्या काठावर गिरणीचं नाव छापलेलं असे. नाव दिलं की नाव राखावं लागतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून गेल्या, विदर्भातल्याही बहुतेक बंद पडल्या. कापड विणायचं काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर आणि साड्यांचं सुरतेला गेलं. तिथले कामगारही मेहनती आहेत, त्यांना चांगलं कापड विणता येतं. पण व्यापारी विचारतो, मीटरमागे आणखी किती कमी होईल? आणि कमी करायचं तर धागाच कमी करावा लागतो.

जगातही तेच झालं आहे. आज जगात जेवढा धागा तयार होतो त्यात निम्म्याहून जास्त पॉलिस्टर असतं, म्हणजे खनिज तेलापासून केलेलं. कापूस चौथ्या हिश्शापेक्षाही कमी. २००० पासून पुढच्या पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं, आणि एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा घातला जातो त्या वेळा साधारण तिसऱ्या हिश्शानं घटल्या. कपडा स्वस्त कुणाच्या जिवावर होतो, हे २४ एप्रिल २०१३ ला दिसलं. बांगलादेशात ढाक्याजवळ राणा प्लाझा नावाची इमारत कोसळली. तिच्यात कपडे शिवायचे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते, तरी माणसांना कामावर बोलावलं. १,१३४ माणसं मेली, त्यात बहुतेक बाया होत्या. आपल्यासारख्याच, मशीनवर बसणाऱ्या.

आता एक हिशोब मांडू. आपण गटवाल्या बाया, हिशोब आपल्याला येतो. एक क्विंटल कापूस जिनिंगला घातला तर साधारण ३४ किलो रुई निघते. सूत कातताना घट जाते, हाती तीसेक किलो सूत उरतं. अर्ध्या किलोची एक सुती साडी धरली तर ६० साड्या झाल्या. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. ६० नं भागा, एका साडीमागे १३५ रुपये येतात. सरकी विकून जे पैसे येतात ते वजा केले तरी शंभरेक रुपयांचा नुसता कापूसच साडीत जातो. त्यावर जिनिंग, सूतगिरणी, माग, रंगाई, वाहतूक, दुकानाचं भाडं. मग बाजारात दीडशे-दोनशे रुपयांना "प्युअर कॉटन" साडी देतो म्हणणारा काय देत असेल? एकतर ती सुती नसते, नाहीतर तिच्यात अर्धा किलो सूत नसतं, नाहीतर कापूस पिकवणाऱ्याच्या हातात हमीभाव पडलेला नसतो. बहुतेक वेळा तिन्हीतलं काहीतरी एक असतंच.

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. आपल्याकडं पिकतं ते आपल्याला नेसायलाही मिळत नाही. डिसेंबरात कुठल्याही वावरात जाऊन बघा. वेचणीला वाकलेल्या बाईच्या ओटीत कापूस आणि अंगावर पॉलिस्टरची साडी, त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, तोही पॉलिस्टरचा.

यात फक्त पैशाचा प्रश्न नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या पुढं जातो. पॉलिस्टर घाम शोषत नाही. काखेत, मांड्यांत, कमरेला परकराच्या नाड्याखाली घाम साचतो, खाज सुटते, गजकर्ण होतं. चुलीपुढं तर आणखी जपावं लागतं. पेट सुती कापडही घेतं, पण नायलॉन आणि पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, त्यामुळं भाजणं खोल जातं. चुलीजवळ आणि दिव्याजवळ शक्यतो सुती नेसा, पदर खोचून घ्या.

आणि जुनेर नाही म्हणून किती गोष्टी विकत घ्याव्या लागतात ते मोजा. बाळाची दुपटी विकत. पुसायची फडकी विकत. वाकळ शिवायला कापड मिळत नाही, म्हणून ब्लँकेट विकत. पाळीच्या दिवसांत पॅड आले हे चांगलंच झालं. पण दर महिन्याला पॅड परवडत नाही अशी घरं आपल्या गावात आहेत, तिथं बाई अजून कापडच घेते. ते कापड आता जुन्या सिंथेटिक साडीचं असतं. ते शोषत नाही, घासतं, जखम करतं. यावर आपण मोठ्यानं बोलत नाही, म्हणून आज रेडिओवरच बोलतो. जुन्या सिंथेटिक साडीचा तुकडा पाळीत वापरू नका. घरात एक तरी जुनी सुती चादर किंवा धोतर त्यासाठी राखून ठेवा, धुऊन कडक उन्हात वाळवा.

जुन्या पॉलिस्टरचं पुढं काय होतं? उकिरड्यावर टाकलं तर कुजत नाही. वखरताना फाळाला अडकतं. काही जणी चूल पेटवायला घेतात. तसं करू नका, तो प्लास्टिकचाच धूर आहे. पूर्वी बोहारीण यायची, जुन्या कपड्यावर भांडं द्यायची. आता तीही साडी हातात घेऊन बघते आणि म्हणते, "ह्याचं वाटीभर पण येत नाही, बाई."

आता आहेराबद्दल. हा विषय नाजूक आहे, पण आम्ही ठरवलं की बोलायचंच. लग्नात मानाच्या साड्या द्याव्या लागतात. नणंदा, जावा, मावश्या, आत्या, व्याह्यांकडच्या बाया. चाळीस साड्या म्हटल्या तर काही जास्त नाहीत. प्रत्येकी अडीचशेची साडी घेतली तरी दहा हजार रुपये झाले. ते गटाच्या कर्जातून काढले आणि शेकडा दोन रुपये महिना व्याज धरलं, तर वर्षभरात नुसतं व्याज २,४०० रुपये. आणि ती साडी कुणी नेसतं का? प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता पुढच्या लग्नात दुसरीला जाते. आमच्या गटात एकीकडं तिनंच दिलेली साडी तीन वर्षांनी फिरून परत आली, कडेवर तिनंच पेनानं केलेली खूण होती. अशी साडी नेसण्यासाठी विणलेलीच नसते. ती फक्त देण्यासाठी असते, म्हणून तिचं कापड कसं आहे हे कुणी बघत नाही. या साड्यांनी बाजार भरला, आणि नेसायची साडी घ्यायला गेलं तरी तीच गळ्यात पडायला लागली.

आमच्या गटानं ठरवलं आहे की आपापसांत आहेराची साडी द्यायची नाही आणि घ्यायचीही नाही. कार्य असलेल्या घरी सगळ्यांनी मिळून एक कामाची वस्तू द्यायची. हे सोपं गेलं असं आम्ही सांगणार नाही. एका घरी व्याही रुसले. एका सासूबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "लोकं काय म्हणतील, एक पातळ नाही झालं यांच्यानं?" एका मैत्रिणीनं घरच्यांपुढं हार मानली आणि साड्या घेतल्या. तिला आम्ही दोष दिला नाही. गटाचा निर्णय घराच्या उंबऱ्याबाहेर घेता येतो, पण पाळावा लागतो उंबऱ्याच्या आत. तिथं एकटीला उभं राहावं लागतं. म्हणून गावातल्या दोन-तीन गटांनी, नाहीतर सगळ्या ग्रामसंघानं मिळून ठरवलं, तर एकेकीवरचं ओझं कमी होईल.

दुसरा विषय शाळेच्या गणवेशाचा. सरकारी शाळांतल्या मुलांना दोन गणवेश मिळतात, एकाला ३०० रुपये धरून ६०० रुपये. २०२४-२५ मध्ये राज्य सरकारनं कापड एकत्र खरेदी करून शिलाई महिला बचत गटांकडून करून घ्यायची पद्धत आणली. गणवेश उशिरा मिळाल्याच्या, मापात न बसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि पुढच्या वर्षापासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं. या समितीत कायद्यानं पाऊण हिस्सा पालक असतात आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. म्हणजे आपल्या गावच्या समितीत आपल्यातल्याच कुणीतरी आहेत. त्यांनी नुसती सही करू नये. कापड आधी हातात घ्यावं. दुकानदार पी.सी. आणि पी.व्ही. म्हणतो त्याचा अर्थ विचारावा. पी.सी. म्हणजे पॉलिस्टर आणि कापूस, पी.व्ही. म्हणजे पॉलिस्टर आणि व्हिस्कोस. काठावर ६७:३३ असं काही छापलेलं असलं, तर कोणता धागा किती ते समजून घ्यावं. एक मीटर तुकडा आणून धुऊन बघावा, मगच सगळं कापड घ्यावं.

आणि शिवणाऱ्या बायांच्या बाजूनंही एक सांगायचं आहे. शिलाईचा दर पाडला की बाई नगावर नग काढते. मग पहिल्यांदा माया जाते, मग दुमड जाते, मग टाका लांब होतो. घाईचा दर दिला की घाईची टीप पडते. गणवेशाला खाली दोन इंच दुमड आणि कडेला माया हवी असेल, तर तेवढी मजुरी ठरावात लिहा. दुमड सोडली की तोच गणवेश पुढच्या वर्षीही चालतो. ज्या घरात तीन पोरं आहेत, त्या माउलीला विचारा त्याची किंमत काय आहे ती.

आता कापड पारखायचं कसं? या पाच गोष्टी लक्षात ठेवा.

एक. कापड उजेडापुढं धरा. पलीकडचं स्पष्ट दिसत असेल आणि धागे कुठं दाट, कुठं विरळ असतील, तर सोडून द्या.

दोन. कापड दोन्ही हातांत धरून जोरात चोळा. पांढरी भुकटी निघाली किंवा कडकपणा गेला, तर ती खळ आहे.

तीन. ओला पांढरा रुमाल कापडावर घासा. रंग लागला तर कापड धुण्यात कपड्याकपड्यांना रंगवणार.

चार. शिवण दोन्ही बाजूंनी ओढा. टाक्यांत फट पडून उजेड दिसला तर घेऊ नका. कपडा उलटा करून माया आहे का बघा.

पाच. सुती म्हणून दिलं असेल तर घरी आल्यावर काठाचे दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि ताटलीवर पेटवा. लेकरांना दूर ठेवा. कापूस कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. मणी उरला आणि राखही झाली, तर ते मिसळीचं आहे.

आणि बिल घ्या. आम्हाला माहीत आहे, बाजारात बिल मागितलं की दुकानदार वाकडं तोंड करतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांच्या आत सदोष माल परत घ्यायला हवा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापून ही जबाबदारी टळत नाही. १९१५ या नंबरवर फोन करून तक्रार सांगता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. शंभर रुपयांच्या कुर्तीसाठी बुलडाण्याला कोण जाणार, हे खरंच आहे. पण दहा जणींनी एकाच दुकानातून घेतलेलं कापड एकसारखं फाटलं, तर गटाच्या नावानं बिलासकट गेलं की बोलणं वेगळं होतं.

घरात काय करायचं तेही सांगतो. नवीन रंगीत कपडा पहिल्यांदा वेगळा, थंड पाण्यात धुवा. धुताना आणि वाळवताना कपडा उलटा करा. ताणाच्या कपड्याला मोगरी लावू नका, तो सावलीत वाळवा. पावडर जास्त टाकली म्हणजे कपडा जास्त स्वच्छ होत नाही, फक्त लवकर झिजतो. विकत आणलेल्या कपड्याच्या काखेला, खिशाला आणि बैठकीच्या शिवणीला घालण्याआधीच घरी एक पक्की टीप मारून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे, कपड्याला वर्ष मिळतं.

एक शेवटची गोष्ट. चांगलं कापड घ्या असं सांगणं सोपं आहे, पण हातात एका वेळी अडीचशेच असतात आणि चांगला कपडा पाचशेचा असतो. अडीचशेचा शर्ट सहा महिने गेला आणि पाचशेचा दोन वर्षं, तर स्वस्त कपड्यात दोन वर्षांत हजार रुपये जातात. गरिबाला कपडा महाग पडतो तो असा. इथं गट कामाला येतो. आम्ही यंदा पोळ्याआधी गटातून पैसे काढून, पारखून, चांगल्या सुती कापडाचं थान ठोक भावानं आणायचं म्हणतो. आमच्यातल्याच बाया माया सोडून झंपर, परकर आणि लेकरांचे कपडे शिवतील, आणि पैसे हप्त्यानं फिटतील. जमलं तर सांगू, नाही जमलं तरी का नाही जमलं ते सांगू.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले की प्रत्येकीनं एक फाटलेला कपडा आणा. कुठं फाटला, किती दिवसांत फाटला, किती रुपयांचा होता, हे वहीत लिहा. वर्षभराचा हिशोब झाला की आपल्याला कळेल, आपल्या बचतीतलं किती या चिंध्यांत जातं ते.